प्रोस्टेट कॅन्सर असताना डोंगर: आखणीची सुरुवात औषधांच्या वेळापत्रकापासून

"मी डोंगर चढू का?" असं डॉक्टरांना विचारलं, तर उत्तर बहुधा "झेपेल तेवढं करा" असंच येतं. प्रश्न मोघम, म्हणून उत्तरही मोघम. त्याऐवजी नेमकं विचारावं: आजार हाडांत आहे का, असल्यास कोणत्या हाडात? हिमोग्लोबिन किती आहे? हृदय आणि रक्तदाब एवढे श्रम सोसतील का? आणि चालू औषधं उंचीवर लागणाऱ्या औषधांच्या आड येतात का? ज्यांच्यावर उपचार सुरू नाहीत, फक्त ठरावीक तपासण्यांनी नजर ठेवली आहे, त्यांना या आजारामुळे चढाईत सहसा अडचण येत नाही. शस्त्रक्रिया, रेडिएशन किंवा हॉर्मोन थेरपी झालेल्यांना मात्र बारकाईने आखणी करावी लागते.

आधी हाडं. प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी. तिचा कॅन्सर पसरतो तेव्हा पाठीचे मणके, कंबरेचं हाड आणि मांडीच्या हाडाचा वरचा भाग यांत जास्त जातो, आणि उतार उतरताना भार नेमका तिथेच येतो. अशा वेळी ते हाड किती वजन पेलेल हे ताज्या स्कॅनवरूनच ठरवावं, अंगातल्या उत्साहावरून नाही. हाडांत आजार नसला तरी हॉर्मोन थेरपीने ती विरळ होतात. हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा स्कॅन, सराव सुरू करण्याआधीच करून घ्यावी. दोन्ही हातांत काठ्या हव्यातच. साधं घसरून मनगटावर किंवा खुब्यावर पडणं इथे महागात पडतं.

हॉर्मोन थेरपी टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हॉर्मोन जवळजवळ संपवते. त्यामुळे स्नायू झडतात, चरबी वाढते, हिमोग्लोबिन उतरतं आणि कितीही झोपलं तरी न जाणारा थकवा येतो. या थकव्यावर विश्रांतीपेक्षा व्यायामाचा गुण जास्त येतो, हे आवर्जून सांगायला हवं, कारण घरचे लोक काळजीपोटी नेमकं उलटं सुचवतात. चढाईच्या किमान चार महिने आधी सुरुवात करावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचे व्यायाम: खुर्चीतून हात न टेकता उठणं, पायरीवर चढणं आणि विशेषतः सावकाश उतरणं. बाकीचे दिवस चालणं. सॅक सुरुवातीला तीन-चार किलोचीच असावी, वजन हळूहळू वाढवावं. मणक्यात आजार असेल तर वाकून वजन उचलणं आणि कंबर पिळणं पूर्ण टाळावं.

अंगातून अचानक गरम वाफा येणं हा याच थेरपीचा दुसरा त्रास. थंडीत घाम फुटतो आणि ओला कपडा पुढच्या पाच मिनिटांत गारठवतो. एका जाड जॅकेटऐवजी समोरून पूर्ण उघडणारे दोन-तीन पातळ थर घालावेत, सुती बनियन नको.

इंजेक्शनची तारीख बघा. हॉर्मोन थेरपीतल्या गोसेरेलिन या औषधाची कांडी पोटाच्या कातडीखाली बसवतात आणि तिथे काही दिवस दुखतं, काळंनिळं होतं. सॅकचा कमरपट्टा बरोबर तिथेच घासतो. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी इंजेक्शन नको. तारीख मागेपुढे करायची तर डॉक्टरांना विचारूनच.

आता ज्याबद्दल पुरुष बोलत नाहीत ते. शस्त्रक्रियेनंतर लघवी गळणं बऱ्याच जणांत काही महिन्यांत कमी होतं, काहींना वर्ष लागतं. डोंगरावर ती गळते ती सॅक उचलताना, उंच पायरी उतरताना, खोकताना, आणि दिवसाच्या शेवटी, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू थकल्यावर. हे स्नायू आवळण्याचा व्यायाम दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दहा आवळण्या, श्वास न रोखता. त्याहून उपयोगी सवय म्हणजे सॅक उचलण्याच्या क्षणाआधीच स्नायू आवळणं. कमरपट्टा पोटावर नाही, कंबरेच्या हाडांवर बसवावा, नाहीतर तो मूत्राशयावर दाब देतो.

घरी दिवसाला जितके पॅड लागतात त्याच्या दीडपट न्यावेत. वापरलेले पॅड दुहेरी झिपच्या पिशवीत भरून खाली आणावेत. ओला पॅड घासून जांघेत सालटं निघतात, म्हणून सकाळीच तिथे व्हॅसलिन लावावं. रात्री तंबूत रुंद तोंडाची बाटली ठेवावी, आणि ती वापरायचा सराव घरी करून जावं. यात लाजण्यासारखं काहीच नाही. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे गळतं म्हणून पाणीच कमी पिणं. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला चुरचुरते, लागण्याची घाई वाढते, शिवाय डोकं दुखू लागलं की ते पाण्याअभावी की उंचीमुळे हेच कळत नाही.

२,५०० मीटरच्या वर उंचीचा त्रास सुरू होऊ शकतो. ३,००० मीटरनंतर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. कॅन्सरसाठी निधी गोळा करण्याच्या मोहिमांत लोकप्रिय असलेल्या आफ्रिकेतल्या किलिमांजारोवर (५,८९५ मीटर) मरांगू वाटेने होरोंबो ते किबो या दोन मुक्कामांमधला एकच टप्पा जवळजवळ हजार मीटर चढाचा आहे. हिमोग्लोबिन आधीच कमी असलेल्याने जादा मुक्कामाचे दिवसच मागावेत.

औषधांचं गणित इथे अवघड होतं. उंचीसाठीची अ‍ॅसिटाझोलामाइड लघवी वाढवते आणि पोटॅशियम उतरवू शकते; अ‍ॅबिराटेरोन ही प्रोस्टेट कॅन्सरवरची गोळीही पोटॅशियम उतरवते. दोन्ही सोबत घ्यायची तर रक्त तपासूनच. अ‍ॅबिराटेरोन रिकाम्या पोटी घेतात, खाल्ल्यानंतर दोन तासांनी, आणि पुढे एक तास काही खायचं नाही. शिखराच्या रात्री तर तासातासाला खावं लागतं, म्हणून त्या दिवसाची वेळ आधीच ठरवावी. त्यासोबतची प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी एक दिवसही चुकता कामा नये. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही तर काय करायचं, हे लेखी घेऊन जावं. एन्झाल्युटामाइड हे प्रोस्टेट कॅन्सरचं दुसरं औषध घेणाऱ्यांच्या शरीरात निफेडिपिन आणि डेक्सामेथासोन लवकर निकामी होतात, आणि फुप्फुसात पाणी किंवा मेंदूला सूज आली तर हीच औषधं देतात. मोहिमेच्या डॉक्टरला हे निघण्याआधी माहीत हवं. गोळ्यांचे दोन संच दोन वेगळ्या सॅकमध्ये ठेवावेत.

पाठीत नवं दुखणं, आडवं झाल्यावर वाढणारं. छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटणं. पायात अशक्तपणा, बैठकीच्या भागात बधिरपणा, लघवी अडणं. याला चालण्याचा शीण समजू नये. मज्जारज्जूवर दाब येत असू शकतो. तिथूनच उतरून त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तासांच्या उशिराने पाय कायमचे जाऊ शकतात.

राहिला जनजागृतीसाठी शिखरावर धरायचा फलक. "लक्षणं दिसताच तपासा" असं त्यावर लिहू नये, कारण सुरुवातीच्या प्रोस्टेट कॅन्सरला बहुधा लक्षणंच नसतात. वारंवार लघवी होण्यामागे बऱ्याचदा वयानुसार वाढलेली ग्रंथी असते. सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवलेले सायकलपटू क्रिस हॉय यांचा आजार खांदेदुखीच्या तपासणीत सापडला, तोवर तो हाडांत पोहोचला होता. त्यांच्या वडिलांना आणि आजोबांनाही प्रोस्टेट कॅन्सर होता. फलकावर वय आणि नातं लिहावं: पन्नाशीनंतर, आणि वडील किंवा भाऊ यांना हा आजार असेल तर पंचेचाळिशीपासून, पीएसए चाचणीबद्दल (प्रोस्टेटमधल्या एका प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण मोजणारी) डॉक्टरांशी बोला. आई-मावशीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही सांगा, कारण बीआरसीए या जनुकातला दोष मुलगा-मुलगी दोघांकडेही जातो आणि या कॅन्सरांशी जोडलेला आहे. वाढलेला आकडा म्हणजे कॅन्सरच असं नाही. संसर्गानेही तो वाढतो, आणि पुढची पायरी सहसा एमआरआय असते.

सोबत चढलेल्यांपैकी कोणी उतरताच उत्साहाने पीएसए चाचणीसाठी रक्त द्यायला निघाला, तर त्याला दोन दिवस थांबवा. दमवणारा व्यायाम, सायकलिंग आणि वीर्यस्खलन यांनी पीएसए वाढलेला दिसू शकतो, म्हणून चाचणीआधी ४८ तास ते टाळायचं असतं.