दोष लॉकचा नव्हताच! (९३ची कोरोला, ड्रायव्हरचा दरवाजा)

मंडळी, सापडलं एकदाचं! थंडीत गाडीचं दार उघडेना म्हणून दोन महिने ज्या लॉक सिलिंडरच्या (चावी घालतो तो भाग) मी हात धुऊन मागे लागलो होतो त्याचा काहीच दोष नव्हता, गोठत होतं ते लॅच, म्हणजे दार अडकवून धरणारी आतली खिटी.

मागे लिहिलं होतं तसं, इकडे कॅनडात, कॅल्गरीला चिनूक (डोंगरावरून येणारं गरम वारं) येऊन गेला की हमखास हा प्रकार. सकाळी उणे १८, दुपारी रॉकीजवरून ते गरम वारं सुटलं की चक्क अधिक ६, टपावरचा बर्फ वितळून पाणी काचेवरून खाली, आणि रात्री परत सगळं दगड. चावी आत जायची, पण फिरायची नाही. डी-आयसर (बर्फ वितळवणारा स्प्रे) मारला की तेवढ्यापुरतं सुटायचं, पण त्यातलं अल्कोहोल वंगणही धुऊन नेतं. मग वंगण म्हणून ग्रॅफाइटची कोरडी पूड भरली, चावी लोण्यात जावी तशी जायला लागली, तरी फिरेना. (ग्रॅफाइटवर तेल घालू नका हां, चिखल होतो.)

शेवटी एका शनिवारी मित्राच्या गरम गॅरेजात डोअर पॅनल काढलं. हे काम थंडीत करू नका, क्लिपा बिस्किटासारख्या मोडतात. सिलिंडरकडून लॅचकडे जाणारा रॉड सोडवला आणि पॅनल न लावताच गाडी रात्रभर बाहेर ठेवली. सकाळी उणे २४. चावी घातली आणि दोन बोटांनी अलगद फिरली! मग रॉड हाताने ओढला तर जागचा हलेना. टॉर्च मारून बघतो तर लॅचमध्ये तीस वर्षांचं ग्रीस, काकवीसारखं घट्ट, आणि त्यावर बर्फाची पातळ पांढरी पापडी. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

ब्लॉक हीटरच्या (थंडीत इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरच्या) एक्स्टेंशनवर हेअर ड्रायर लावून लॅच मोकळं केलं. गरम पाणी कधीच ओतू नका, काच तडकू शकते आणि तेच पाणी आत जाऊन परत गोठतं. मग गाडी परत गॅरेजात, ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, तासभर घासलं, वरून थंडीत न घट्टावणारं सिंथेटिक ग्रीस अगदी पातळ. डब्ल्यूडी-४० स्प्रे पाणी हटवायला छान आहे पण त्याच्या भरवशावर हिवाळा काढता येत नाही, हे माझं ठाम मत.

आता पाणी येतं कुठून? काचेवर एक मग ओतला तर थेट लॅचवर टपटप. काचेची बाहेरची रबरपट्टी पार कडक होऊन तडकलीय. दाराखालचं पाणी जायचं एक भोकही (ड्रेन होल) मातीने बंद होतं, काडी घातली तर अर्धा कप गढूळ पाणी निघालं.

पट्टी ऑनलाइन मागवली होती, ती दोन आठवड्यांनी आली आणि २ सेंटीमीटर आखूड! आता भंगार यार्डातून ओरिजिनलच काढून आणणार, जुनी असली तरी मापाला बसते. खरं तर पट्टी बदलून थांबणार होतो, पण लिहिता लिहिता सुचलं की लॅचवर छोटं छप्परच का करू नये? श्रीखंडाच्या डब्याचं झाकण कापून... नको, ते प्लॅस्टिक थंडीत तडकेल. सायकलची जुनी ट्यूब बरी, बुटाइल टेपने (चिकट रबरी टेप) चिकटवायची, फक्त रॉडला आणि काचेला घासता कामा नये.

गुरुवारी चिनूकचा अंदाज आहे. डावीकडच्या म्हणजे ड्रायव्हरच्या दाराला ट्यूब त्याआधी लावतो, उजव्या दाराला मुद्दाम हात लावत नाही, म्हणजे शुक्रवारी सकाळी दोन्ही दारं शेजारी शेजारी तपासता येतील.