कुलाबा जिल्ह्यातल्या आजी

त्या सकाळी पातलीपाड्याला एका हॉटेलासमोर पंचविशीतल्या मुलाने रिक्षाला हात दाखवला. सोबत ऐंशीच्या घरातल्या एक बाई. मुलगा मोबाइलवरचा नकाशा दाखवत इंग्रजीत काही सांगत होता, तेवढ्यात बाई आत चढून बसल्या. "टेंभीनाक्याकडं घे रे बाबा. आमच्या मशिदीत जायचंय."

मशीद म्हटल्यावर माझ्या डोक्यात ठाण्यातली राबोडीची मुस्लिम वस्ती आली. त्या हसल्या. "अरे, आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. सिनेगॉगला, म्हणजे आमच्या प्रार्थनेच्या जागेला, आमच्यात मशीदच म्हणतात." मुंबईत 1796 साली बांधलेलं त्यांचं पहिलं सिनेगॉग, त्याला जुनी मशीद म्हणायचे. ठाण्यातलं 1879 सालचं. त्याच्यावरून मी बावीस वर्षं रिक्षा नेतोय आणि गेटवरच्या पोलिसापलीकडे कधी काही पाहिलं नव्हतं. याचं मला त्या क्षणी खरंच वाईट वाटलं.

कापूरबावडीला मेट्रोच्या कामामुळे गाड्या तुंबलेल्या. एरवी तिथे जीव नकोसा होतो, त्या दिवशी मात्र घाई नव्हती.

"गाव कुठलं, आजी?"

"अलिबागकडं. कुलाबा जिल्हा."

कुलाबा! जिल्ह्याचं रायगड झालं 1981 साली. त्या त्याआधीच लग्न करून इस्रायलला गेलेल्या, दिमोनाला, वाळवंटात. माझे आजोबा शेवटपर्यंत पत्रावर कुलाबाच लिहायचे. मीही अलिबाग तालुक्यातला म्हटल्यावर त्या पुढच्या दांडीला धरून वाकल्या. "कोणाचा रे तू?"

हा प्रश्न गावात पारावर विचारतात. ठाण्यात मला तो कोणी विचारला नव्हता. मी आजोबांचं नाव सांगितलं, आळी सांगितली. आमची आजी सांगायची, गावात शनवार तेल्याचं घर होतं, शनिवारी त्यांचा घाणा बंद. "ते तुमच्यातलेच ना?" त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि नातवाला हिब्रूत बरंच काही सांगितलं. त्यातलं मला 'घाणा' आणि 'तेली' एवढंच कळलं. नातू आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

सिनेगॉगपाशी उतरताना त्यांनी मीटर बघून पैसे मोजून दिले. मी म्हटलं, थांबतो. तासाभराने बाहेर आल्या त्या हातात कागदाची पुडी घेऊन. आत कोणाचा तरी नवस होता. "एलियाहू हन्नाबीचा, आमच्या प्रेषिताचा, मलिदा आहे, घे." भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची. वर केळ्याची एक फोड.

मला राहवलं नाही. आईला गावी फोन लावून त्यांच्या हातात दिला. पहिला मिनिटभर दोघी नुसतं "हो का", "अगो बाई" करत होत्या. मग वाल निघाले. दिमोनातही त्या वाल भिजवतात, मोड आणतात, एकेक सोलून बिरडं करतात. आई म्हणाली, नारळाचं दूध शेवटी घालायचं. आजी म्हणाल्या, छे, आमच्याकडे आधी घालतात. आईने विचारलं, तिकडे आपला पांढरा कांदा मिळतो का?

"नाही गो," आजी म्हणाल्या, आणि कोपऱ्यावर रिक्षाच्या टपावर हात टेकून उभ्याच राहिल्या. नातवाने घड्याळ दाखवलं. त्यांनी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि फोन दुसऱ्या कानाला लावला.