राणीची बेंबी आणि दळणाच्या रांगेतले वैद्य

अमळनेरला आमची पिठाची गिरणी आहे. तिथे कळणा दळायला आलेल्या बाईकडेसुद्धा राणीच्या पोटावर एक तरी औषध असतंच. राणी म्हणजे आमची कुत्री. आणली तेव्हा दीडेक महिन्याची होती. बरगड्या संपतात त्याच्या जरा खाली, बेंबीच्या जागी, तिला बोराएवढा मऊ फुगा होता, म्हणजे बेंबीचा हर्निया. भुंकली की तो टरारायचा. उताणी झोपली की जवळजवळ दिसेनासा व्हायचा.

"रुपया ठेईसन चिंधी बांधी दे, बसी जाई," असं एका आजीने सांगितलं. तान्ह्या बाळांना बांधतात तसं. मी नाही बांधलं. भोक असतं आतल्या स्नायूच्या पडद्याला. वरून रुपया दाबून ते शिवलं जात नाही. उलट पट्टा काचतो, खालची कातडी सोलवटते आणि आत काय चाललंय ते झाकलं जातं.

ढोरांच्या डॉक्टरांनी तिला उताणी धरून बोटाने हलकेच चाचपलं. फुगा आत गेला आणि भोकाची कड बोटाला लागली. ती त्यांनी मलाही दाखवली. भोक लहान होतं, आतून बहुधा नुसती चरबी डोकावत होती. अशी लहान भोकं पिल्लू पाच-सहा महिन्यांचं होईतो कधी कधी आपोआप मिटतात. नाही मिटलं तर नसबंदीच्या वेळी त्याच भुलीत टाके घालता येतात, म्हणाले. तोवर घाई नाही, पण लक्ष हवं.

लक्ष ठेवायचं म्हणजे दिवसभर दाबून बघायचं नाही. आमच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाबून बघायची भारी हौस, शेवटी मी राणीला ओट्यामागे बांधायला लागले. आठवड्यातून एकदा, ती निवांत असताना मी बघायची: मऊ आहे का, आत जातो का, वाढलाय का. मोबाईलवर फोटो काढून ठेवायचे. "वाढल्यासारखा वाटतो" म्हणण्यापेक्षा मागचा फोटो दाखवला की डॉक्टरांना पटकन कळतं.

खरी भीती वेगळीच. फुगा अचानक कडक झाला, गरम लागला, लाल-निळा पडला, हात लावताच कुत्रं कळवळलं, आत जाईना, वर उलट्या आणि खाणं बंद, तर आतडं अडकलेलं असू शकतं. त्याचा रक्तपुरवठा तुटला की ते काही तासांतच सडायला लागतं. तेव्हा जोर लावून आत ढकलायचं नाही, काही खाऊ घालायचं नाही. घरातली कॉम्बिफ्लाम तर मुळीच नाही. त्यातली आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्याला घातक. फोन करून आधी विचारा, ऑपरेशन करता का? तालुक्याच्या दवाखान्यात गायी-म्हशीच जास्त. नाही म्हणाले तर धुळं किंवा जळगाव, पण सकाळची वाट बघू नका.

जागाही बघावी लागते. कुत्रीच्या जांघेत फुगा आला तर त्यात गर्भाशयही उतरलेलं असू शकतं. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला शेपटीखाली, गुदाच्या बाजूला सूज येते, शी करताना कुंथतं. त्यात मूत्राशय अडकून लघवी तुंबली, तर तीही त्याच दिवशी धावायची गोष्ट. आणि प्रत्येक गाठ हर्नियाच असते असंही नाही. गळू असतं, चरबीची गाठ असते, आचळांत कॅन्सर असतो. ते घरी ओळखायचा हट्ट कशाला?

राणीचं भोक मिटलं नाही. नसबंदीच्या वेळीच शिवून घेतलं. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलं होतं, तेच सगळ्यात जड गेलं, तिला आणि माझ्या सासूबाईंना. नंतर गळ्यात प्लास्टिकची कॉलर. ती घेऊन पिठाच्या डब्यांना धडकत फिरायची. टाके निघेपर्यंत उड्या बंद, जिना बंद.

पारोळ्याकडच्या एका पाहुण्यांना तिचं पिल्लू हवं होतं. चांगली राखणीची जात दिसते, म्हणाले. बेंबीचा हर्निया पुष्कळदा रक्तातूनच पुढे जातो, म्हणून तिला विणवायचं नाही हे आमचं आधीच ठरलेलं. त्यांना सांगितलं, गावात उकिरड्यावर पिल्लं कमी आहेत का? त्यातलंच एक न्या. नेलं त्यांनी.