डिझेलचा स्क्रू किती फिरवायचा?

शहाद्यात माझं डिझेल पंप आणि नोजलचं वर्कशॉप आहे. तळोद्याकडून, धडगावहून, शिरपूरहून, कधी सीमेपलीकडच्या, मध्य प्रदेशातल्या खेतियाहूनही फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या गाड्या येतात. जुन्या जीप असतात, थार असतात, आणि गाडीवाला बॉनेटवर हात ठेवून एकच सांगतो, "भाऊ, मन्ही गाडी जोरच धरत नही. पावर वाढाले काय लागी?" फोनवरही हेच विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो, कारण दुकानात गाडी चालू असताना हे सगळं बोलणं होत नाही.

जोर वाढतो. डिझेलमध्ये तर पेट्रोलपेक्षा सोपा वाढतो. पेट्रोल गाडीत पाय दाबला की हवेची झडप उघडते. डिझेलमध्ये हवा मावेल तेवढी आत येतेच, पाय दाबल्यावर वाढतं ते फक्त डिझेल. जुन्या पंपाला त्यासाठी एक स्क्रू असतो, वर कंपनीचं सील. नव्या कॉमन रेल गाडीत, म्हणजे जिथे सगळ्या नोजलांना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं तिथे, तोच स्क्रू ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये, आकड्यांच्या रूपात बसलेला असतो. लॅपटॉप लावून ते आकडे बदलले की झाला रिमॅप. स्क्रू असो की लॅपटॉप, आपण करतो काय, तर त्याच हवेत जास्त डिझेल टाकतो. टर्बोचा, म्हणजे सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पंख्याचा, दाब वाढवला तर थोडी हवाही वाढते.

एक किलो डिझेल जळायला हिशेबाने साडेचौदा किलो हवा पुरते. पण डिझेल आयत्या वेळी फवारलं जातं, त्याला हवेत नीट मिसळायला वेळच मिळत नाही. म्हणून हवा अठरा-वीस किलोच्या खाली गेली की मागून काळा धूर निघतो. पोरांना तो धूर आवडतो. मला त्यात अर्धवट जळलेलं डिझेल दिसतं, आणि धुराच्या आधी येणारी उष्णता दिसते. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता, यातून कुणाची सुटका नाही.

हे मी एका पिस्टनकडून शिकलो. २०११ची गोष्ट. तळोद्याच्या एका शेतकऱ्याची जुनी जीप होती, चांदसैली घाटातून धडगावला माल घेऊन जायची. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये दम टाकते म्हणाला. मी सील तोडलं आणि स्क्रू पाव फेरा आत दिला. गाडी अशी उठली की तो मला चहा पाजूनच गेला. वीस दिवसांनी तीच जीप ट्रॅक्टरला बांधून आली. इंजिनाचं वरचं झाकण, हेड, उघडलं. तिसऱ्या पिस्टनच्या माथ्यावर, डिझेल जळतं त्या वाटीच्या काठाशी, रुपयाएवढं भोक होतं. भोकाच्या कडा मेणबत्तीच्या ओघळासारख्या गोल झालेल्या, आणि वर व्हॉल्व्हवर चांदीसारखे बारीक थेंब चिकटलेले. ते पिस्टनचंच ॲल्युमिनियम. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पिस्टनचं मिश्रण त्याहून आधी मऊ पडतं, आणि आतली ज्वाला याच्या कितीतरी पुढे असते. पिस्टन टिकतो तो खालून ऑइल आणि बाजूने लायनर, म्हणजे सिलिंडरची भिंत, उष्णता ओढून घेतात म्हणून. मे महिन्यात, भरल्या गाडीत, सलग घाटात त्यांना ते जमलं नाही. चूक माझी होती, इंजिनाचा खर्च मी भरला. त्या दिवसापासून उष्णता मोजल्याशिवाय मी डिझेल वाढवलेलं नाही.

आपल्या भागात हे जास्त जपावं लागतं. पुण्याच्या गाडीला जे चालतं ते इथे चालेलच असं नाही. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ला टेकतो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे दहा टक्क्यांनी विरळ असते. तोरणमाळला चढलात, म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास, तर हवा आणखी बारा टक्क्यांच्या घरात उतरते. टर्बो जास्त फिरून हे भरून काढतो, पण दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाची नळी चटका देते ना, तेच. ती हवा थंड करायला इंटरकूलर असतो, आणि त्याच्या जाळीत आपल्या काळ्या मातीची धूळ बसलेली असते. म्हणजे जिथे हवा कमी आणि उष्णता जास्त, तिथेच आपण अजून डिझेल मागतो.

म्हणून गाडी आली की मी आधी स्क्रूकडे बघतच नाही. एअर फिल्टरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप काढतो आणि आत बोट फिरवतो. बोटाला पिठासारखी धूळ लागली तर पाइप कुठेतरी चिरलाय, आणि ती धूळ पिस्टनच्या रिंगा खातेय. मग टर्बोपुढच्या पाइपांना साबणाचं पाणी लावून क्लिपा बघतो. ढिली क्लिप म्हणजे टर्बोने कमावलेली हवा बॉनेटमध्येच सांडणं. कॉमन रेल असेल तर इंजेक्टरांच्या, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या नोजलांच्या, रिटर्नला (जिथून उरलेलं डिझेल टाकीकडे परत जातं) सलाइनच्या चार नळ्या लावून चार बाटल्या टांगतो, इंजिन चालू ठेवतो आणि मालकाला शेजारी उभा करतो. तीन बाटल्यांत डिझेल बोटभर चढतं, चौथीत निम्म्याच्या वर. तो इंजेक्टर आतून झिजलाय, दाब मागेच सोडून देतोय. मालकाला एक शब्द सांगावा लागत नाही. फिल्टर, पाइप, एक इंजेक्टर, जुन्या इंजिनात टॅपेटची गॅप, म्हणजे व्हॉल्व्हची फट, एवढं केलं की दहातल्या सहा-सात गाड्यांचा मालक म्हणतो, वाढली की पावर! वाढलेली नसते, हरवलेली परत आलेली असते.

टायरचं तर कुणी बोलतच नाही. जुन्या थारचा मूळ टायर २३५/७० आर १६, उंची साधारण ७३५ मिलिमीटर. तिथे ३३ इंची टायर घातला की ती ८३८ होते. मग रस्त्यावरचा जोर बारा टक्क्यांनी गेला, इंजिनाला हात न लावता. हजारो रुपयांचा रिमॅप तो खड्डा भरण्यातच संपतो. वाळूत, तापीच्या कोरड्या पात्रात, गाडी रुतते तेव्हा तर पॉवरचा संबंधच नसतो. टायरची हवा १८वर आणा, लो-फोर टाका, म्हणजे चारही चाकांचा हळू पण जोरदार गिअर. लो-फोरमध्ये जोर सुमारे अडीच पट होतो, फुकट. तेवढं कोणताही ट्यूनर तुम्हाला देणार नाही.

हे सगळं होऊनही जोर हवा असेल तर करतो, आवडीने करतो. मात्र मी वरचा आकडा विकत नाही. जुन्या सीआरडीई (कॉमन रेल) थारला १०५ हॉर्सपॉवर आणि २४७ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. पण १०५ मिळतात ३८०० आरपीएमला, आणि घाटात तुम्ही असता २००० वर. तिथे त्या टॉर्कचे हॉर्सपॉवर होतात जेमतेम सत्तर. वाढवायचं ते तिथे, दीड हजार ते अडीच हजारच्या पट्ट्यात, आणि पंधरा टक्क्यांच्या आसपास. दीड हजाराच्या खाली मी डिझेल वाढवत नाही, कारण तिथे टर्बो अजून भरलेला नसतो, नुसता धूर होतो आणि क्लच जळतो. फोर बाय फोर गाडीत क्लच हाच पहिला बळी असतो. पंधराऐवजी तीस टक्के मागणाऱ्याने आधी क्लचचे पैसे बाजूला काढावेत.

टर्बोच्या आधी, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर येतो त्या नळीत, उष्णता मोजायचा काटा बसवतो. मग गाडी घेऊन म्हसावद, राणीपूर करत तोरणमाळचा सातपायरी घाट चढतो, दुपारी, एसी लावून, मागे चार पोती ठेवून. सकाळच्या गारव्यात घेतलेली ट्रायल मी ट्रायल धरत नाही. काटा ७०० अंशांच्या पुढे जाऊन तिथेच रेंगाळला की गाडी परत आणून डिझेल कमी करतो, मालक कितीही नाराज झाला तरी. वायरमध्ये जोडायचे जे तयार डबे मिळतात, त्यांच्याबद्दल विचारता, म्हणून सांगतो, मी लावत नाही. त्यातले बरेचसे सेन्सरला खोटं सांगून रेलचा दाब वाढवतात, आणि गाडीला आपण जास्त डिझेल जाळतोय हे कळतच नाही. खोट्या आकड्यांवर चालणारं इंजिन घाटात स्वतःला कसं वाचवणार?

आणि दोन कामं मी करत नाही. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवून प्रदूषण कमी करणारी झडप) बंद करणं आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) कापणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीच्या कागदाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. कायद्यात न चालणारा बदल केला तर २०१९च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतं. वॉरंटीतल्या गाडीचा रिमॅपही करत नाही, वॉरंटी संपेपर्यंत थांबा म्हणतो. विमा कंपनीलाही बदल आधी लेखी कळवा. कायदा बाजूला ठेवला तरी तो धूर मागे बसलेल्या पोरांच्याच नाकात जातो. घाटात उघड्या जीपमध्ये मागे कोण बसतं, ते आपल्याला माहीत आहे.

आता गाडी आणायचीच असेल तर रात्री उभी करून सकाळी थंड आणा, येताना इंजिन धुऊ नका. गळती कुठून आहे ते मला धुळीवरच दिसतं. शेवटचं डिझेल कुठल्या पंपावर भरलं, फिल्टर कधी बदलला, एवढं लक्षात ठेवा. आणि तुमच्या घाटात गाडी नेमकी कुठल्या वळणावर, कुठल्या गिअरमध्ये दम टाकते, ते सांगा. त्याच वळणावर तुम्हाला शेजारी बसवून मी ती परत चढवून बघणार आहे.