टोपी नसेल तर सॅल्यूट नाही

पडद्यावर दिसणारा जवान बऱ्याचदा आमच्यासारख्यांच्या दुकानातून जातो. लातूरला गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत माझं ड्रेस भाड्यानं द्यायचं दुकान आहे. मावळे, झाशीची राणी, वासुदेव, भाजीवाली असं सगळं ठेवतो, पण गॅदरिंगच्या दिवसांत सगळ्यात जास्त फिरतो तो मिलिट्री ड्रेस. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकवर सिनेमा आला तेव्हापासून पोरांना हिरवी टोपी नको असते, महरूनच पाहिजे. महरून टोपी पॅराची, म्हणजे विमानातून छत्रीनं उतरणाऱ्या जवानांची, ती डोक्यावर यायला काय काय सोसावं लागतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि गिऱ्हाइकाला त्याच्याशी घेणंदेणं नव्हतं. खांद्यावर तीन स्टार, छातीवर रंगीत पट्ट्या, कंबरेला पट्टा. भरगच्च दिसलं की भाडं निघतं.

एकदा फेब्रुवारीत पुण्याच्या एका फिल्म युनिटची ऑर्डर आली. ओटीटीसाठी सिनेमा चालला होता, बजेट बेताचं. औसा तालुक्यातल्या एका गावात शूटिंग, ड्रेस माझे आणि ते सांभाळायलाही मीच. सैन्यानं २०२२ च्या १५ जानेवारीला, आर्मी डेच्या दिवशी नव्या डिजिटल नक्षीचा ड्रेस पुढं आणला, त्याच्या नक्षीचे हक्क स्वतःकडं ठेवले. तो कपडा आमच्यासारख्यांनी विकायचा नाही, शिवायचा नाही. यांची गोष्ट जुन्या काळातली होती म्हणून माझ्याकडचा जुना माल चालणार होता.

त्या दिवशीचा सीन मोठा होता. जवानाचं पार्थिव गावात येतं, मानवंदना होते, अग्नी देतात. ज्वारीची काढणी चालू होती, कडब्याच्या गंज्या लागल्या होत्या, आणि गावातली माणसं रोज बुडवून गर्दी करायला आली होती. ती गर्दी जमवून दिली होती गावातल्याच एका रिटायर्ड सुभेदारांनी. मराठा लाइट इन्फन्ट्रीतले. युनिटनं त्यांना बोलावलं होतं ते गर्दीसाठी, सल्ला द्यायला म्हणून नव्हे. पांढरा शर्ट, पायजमा, दाढी गुळगुळीत, हातात पाण्याची बाटली. सकाळी सहाला हजर. बाकीचं युनिट आठला उठलं.

मी ड्रेस वाटत होतो तिथं ते येऊन उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग मेजरचं काम करणाऱ्या नटाच्या खांद्याकडं बोट करून मला म्हणाले, "हे कोण आहेत?"

"मेजर साहेब."

"तीन स्टारचा कॅप्टन असतो, भाऊ. मेजरला अशोकस्तंभ."

डायरेक्टर म्हणाला, "एकच? मग प्रेक्षकाला तो कॅप्टनपेक्षा लहान वाटेल." पोरगा हुशार होता, वाईट नव्हता, फक्त त्याला सगळं कॅमेऱ्यातून दिसायचं. सुभेदार म्हणाले, "वाटू द्या की. ज्याला कळतंय त्याला कळतंय." माझ्या पेटीत पितळी अशोकस्तंभ निघाले, ते लावले.

मग त्यांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं. हे करायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पोरांच्या टोप्या आचाऱ्याच्या टोपीसारख्या फुगून उभ्या होत्या, त्या पाण्यात बुडवून, पिळून, एकेकाच्या डोक्यावर स्वतः बसवल्या. बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, उरलेलं कापड उजवीकडं खाली ओढलेलं. नेमप्लेट उजव्या खिशावर. लाकडी रायफलीच्या ट्रिगरवरची बोटं काढून गार्डच्या बाहेर सरळ ठेवायला लावली. हिरोची दाढी बघून विचारलं, "हे सरदारजी आहेत का?" हिरोच्या मॅनेजरनं सांगितलं की दाढी कॉन्ट्रॅक्टमध्ये आहे, पुढच्या सिनेमासाठी ठेवलीय. त्यावर सुभेदारांनी मान डोलवली आणि पुढच्या माणसाकडं गेले. कुठं थांबायचं हेही त्यांना समजत होतं.

पट्ट्यांपाशी मात्र ते थांबले. मेडलच्या रिबिनी मी घाऊक बाजारातून आणतो, रंग बघून पाकिटं लागतात. हिरोच्या छातीवर मी तीन ओळी लावल्या होत्या. त्यातली एक जांभळी पट्टी त्यांनी नखानं उचकटून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही परमवीर चक्राची आहे. देशात आजपर्यंत २१ जणांना मिळालं, त्यातल्या १४ जणांना मेल्यावर. ह्यांनी काय केलंय गोष्टीत?"

गोष्टीत हिरो सुट्टी अर्धी टाकून परत जातो आणि गस्तीवर असताना मारला जातो. मेडलचा विषयच नव्हता. पट्टी मी खिशात टाकली. ती रिबीन मी तोपर्यंत कित्येक पोरांच्या छातीवर टाचली असेन. पाचवीतल्या पोरानं ती लावून 'मेरे देश की' वर नाच केला तर त्यात काय बिघडतं, असं वाटायचं. अजूनही पोरांचं मला फारसं वाईट वाटत नाही. मोठी माणसं पैसे घेऊन तेच करतात त्याचं वाटतं.

पहिला शॉट लागला. मेजर घरात येतो, आईच्या पुढ्यात उभा राहतो, टोपी काढून काखेत धरतो आणि कडक सॅल्यूट मारतो. मागून पार्श्वसंगीत येणार होतं. कट झाल्यावर सुभेदार माझ्याजवळ येऊन हळूच बोलले, "टोपी न्हाई तर सॅल्यूट कुणाला मारलालेत हे?" डोक्यावर टोपी नसेल तर आपल्या सैन्यात सॅल्यूट नसतो, माणूस सावधान उभा राहतो. वर त्या नटानं तळवा खाली वळवला होता. तसा सॅल्यूट नौदलाचा. सैन्याचा तळवा समोरच्याला पूर्ण दिसतो, हातात काही लपवलेलं नाही असा. मी हे जाऊन डायरेक्टरच्या कानावर घातलं. त्यानं परत शॉट घेतला, या वेळी नुसता सावधान. खरं सांगायचं तर तोच शॉट चांगला झाला. हात खाली असल्यामुळं नटाला चेहऱ्यानं काम करावं लागलं.

दुपारी धपाटे आणि दही होतं. जेवताना डायरेक्टर त्यांच्याशेजारी येऊन बसला आणि विचारलं, तुम्हाला कुठला वॉर सिनेमा आवडतो. त्यांनी 'बॉर्डर'चं नाव घेतलं. पलटणीत दाखवला होता, टाळ्या वाजवून हात दुखले म्हणाले. मग भाकरीचा तुकडा मोडावा तितक्या सहज पुढचं सांगितलं. राजस्थानच्या सीमेवर लोंगेवालाला १९७१ च्या डिसेंबरात पंजाब रेजिमेंटची एक कंपनी होती, सव्वाशेच्या आतबाहेर माणसं, समोर पाकिस्तानचे रणगाडे. रात्रभर दम धरला, उजाडल्यावर जैसलमेरहून विमानं आली. आपले दोन जवान गेले. सिनेमात किती गेले ते आठवा. त्यात सुनील शेट्टी ज्या भैरोसिंगचं काम करतो तो पडद्यावर मरतो. खरे भैरोसिंग राठोड बीएसएफचे, म्हणजे सीमा सुरक्षा दलाचे. लढाई संपवून, नोकरी संपवून जोधपूरकडं आपल्या गावात राहिले आणि २०२२ च्या डिसेंबरात म्हातारपणानं गेले.

"पंचवीस वर्षं मेलेला माणूस म्हणून जगले ते," डायरेक्टर म्हणाला. त्याला त्यात सिनेमा दिसत होता.

"आम्ही तर दर वर्षी हयातीचा दाखला देतो," सुभेदार म्हणाले. "अंगठा लागला न्हाई मशीनला तर पेन्शन थांबती."

चारच्या सुमारास अग्नीचा सीन. औशाच्या कॉलेजातली एनसीसीची पोरं मानवंदनेसाठी आणली होती, कारण मुंबईच्या ज्युनियर आर्टिस्टपेक्षा त्यांना ड्रिल येत होती आणि ती स्वस्त पडत होती. सुभेदारांनी त्यांच्याकडून तासभर एकच गोष्ट घोटून घेतली होती. सलामी शस्त्र, मग शोक शस्त्र. रायफल उलटी होऊन नळी जमिनीकडं येते, मान खाली जाते. हे सगळ्यांनी एका दमात करायचं. एकाची मान मागं राहिली तरी परत.

पेटीवर तिरंगा होता. कला विभागाच्या मुलानं तो हिरवा रंग डोक्याकडं येईल असा टाकला होता. सुभेदारांनी न बोलता दोन पोरांना हाक मारून फिरवून घेतला. केशरी डोक्याकडं. इथपर्यंत कुणाची तक्रार नव्हती. मग डायरेक्टरनं शॉट समजावला. चितेवर तिरंग्यात गुंडाळलेला जवान, खालून ज्वाळा वर येतात, क्रेन वर जाते.

"झेंडा आगीत जाणार न्हाई," सुभेदार म्हणाले.

"अहो, खरा जळणार नाही. कॉम्प्युटरवर करू."

"खरा असो की खोटा. अग्नीच्या आधी काढायचा, घडी घालायची, घरच्यांच्या हातात द्यायची. तसा नियम आहे."

डायरेक्टरनं समजूत घातली, फ्रेमचं सांगितलं, पोस्टर ह्याच शॉटवर बनणार आहे हेही सांगितलं. ऊन उतरायला लागलं होतं. शेवटी तो वैतागून कॅमेऱ्याकडं वळला आणि ओरडला, "रोल करा!" तेवढ्यात सुभेदारांचा आवाज आला. दिवसभर जो माणूस कुजबुजत बोलत होता त्याचा हा आवाज असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. "परेड, विश्राम!" सगळ्या पोरांचे पाय एकदम सुटले. डायरेक्टर "सावधान, सावधान" म्हणत राहिला, एक पोरगं हललं नाही. गर्दीतल्या बायका मांडी घालून खाली बसल्या. कुणीतरी पाण्याची कळशी फिरवली.

दहा मिनिटं तशीच गेली. प्रोड्यूसरचा माणूस फोनवर बोलत फेऱ्या मारत होता. मग डायरेक्टर आला आणि म्हणाला, "ठीक आहे. काढायचा कसा ते दाखवा."

त्यानंतर जे झालं ते मी माझ्या धंद्यात परत बघितलं नाही. घडी घालताना सुभेदार पोरांना सांगत होते आणि सांगता सांगता स्वतःचं सांगायला लागले. नोकरीत असताना पार्थिव घरी पोचवायला ते गेले होते. गावाचं नाव त्यांनी घेतलं नाही. ते म्हणाले, आई रडते तसं सिनेमात दाखवता ते खरं आहे, त्याला मी नाव ठेवत न्हाई. पण नंतर ट्रंक असते. कधी सोबत येते, कधी मागून. काळी ट्रंक, वर पांढऱ्या रंगानं नंबर, रँक, नाव. पलटणीनं सामानाची यादी केलेली असते. ती घरच्यांना वाचून दाखवायची आणि सही घ्यायची.

डायरेक्टरनं विचारलं, यादीत काय असतं?

ते बोलत गेले आणि मी ड्रेसच्या बिलाच्या पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं. लोकरी मोजे, दोन जोड. दाढीचा ब्रश एक. टॉवेल एक. पोस्टाचं पासबुक. देवाचा फोटो, लहान. घड्याळ एक, बंद. नवीन साडी, घडी न मोडलेली, एक. सुट्टीला येताना न्यायला घेतली असेल.

स्क्रिप्टमध्ये बापाला एक वाक्य होतं, अजून एक मुलगा असता तर तोही दिला असता, असं. सुभेदारांनी ते ऐकलं होतं. "मी गेलो तेव्हा बापानं पहिलं काय विचारलं माहीताय? रात्रभर गाडीत आलाव, तुमी लोक जेवलाव का? आन् आमाला जेवायला वाढायला लावलं शेजारच्याला."

डायरेक्टर काही बोलला नाही. रात्री लाईट लावून ट्रंकेचा सीन घेतला. ट्रंक गावातच मिळाली, नंबर सुभेदारांनी स्वतः चुन्यानं घातला. बापाचं काम करणारे आमच्या लातूरचे नाटकवाले काका होते. "घड्याळ एक, बंद" ह्यावर त्यांनी यादी वाचणाऱ्याला नुसतं हातानं थांबवलं आणि विचारलं, "जेवलाव का?" मॉनिटरपाशी कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

सिनेमा वर्षभरानं आला. झेंड्याची घडी आहे. शोक शस्त्र आहे, पोरांच्या माना एका दमात जातात. बापाचं ते मुलाचं वाक्यही आहे, ट्रेलरमध्येच आहे. ट्रंकेचा सीन नाही. लांबीमुळं गेला असं मला सांगितलं. माझं मत विचाराल तर तेवढा ठेवून बाकी अर्धा तास कापला असता तरी चाललं असतं, पण ड्रेसवाल्याला एडिटिंगचं कोण विचारतं.

मी सुभेदारांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "केशरी डोक्याकडं दिसतंय का?"

"दिसतंय."

"मग झालं की. ठेवा आता, मोटार चालू केलीय, लाईट जायच्या आत हरभरा भिजवायचाय."