कॅथरिन हेपबर्न यांचा पडता काळ

हॉलिवूडच्या अभिनेत्री कॅथरिन हेपबर्न यांचा जन्म १९०७ साली अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे झाला. वडील डॉक्टर, आई स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी. त्यांचा करारी स्वभाव त्या घरातच घडला असावा. १९३३ च्या ‘मॉर्निंग ग्लोरी’साठी त्यांना पहिले ऑस्कर मिळाले, पण १९३८ मध्ये चित्रपटगृहांच्या मालकांनी त्यांना ‘तिकीटबारीचे विष’ ठरवले. मला त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत यानंतरचा काळच सर्वांत मोलाचा वाटतो. आरकेओ या चित्रपट कंपनीशी असलेला करार स्वतः पैसे भरून संपवून त्या रंगभूमीवर परतल्या, ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ हे नाटक त्यांनी ब्रॉडवेवर गाजवले आणि उद्योगपती हॉवर्ड ह्यूज यांनी मिळवून दिलेले त्याचे चित्रपटहक्क एमजीएम स्टुडिओला विकताना नायिका आपणच असू, दिग्दर्शकही आपल्या पसंतीचा असेल, अशा अटी मान्य करून घेतल्या. नटनट्यांचे भवितव्य स्टुडिओच ठरवत असत त्या काळात एका स्त्रीने हे करून दाखवावे, याचे मला अपार कौतुक वाटते. पुढे आणखी तीन ऑस्कर मिळाली, त्यांपैकी शेवटचे ‘ऑन गोल्डन पाँड’साठी, वयाच्या ७४ व्या वर्षी, मात्र चारपैकी एकही स्वीकारायला त्या स्वतः गेल्या नाहीत.