कोल्हापुरात जुन्या रेकॉर्डींच्या मागावर

जुन्या मराठी गाण्यांचं कोल्हापूर बघायला निघालात, तर सुरुवात खासबागेच्या कुस्ती मैदानापासून करा. मैदानाला लागून गायकनट केशवराव भोसले यांच्या नावाचं नाट्यगृह आणि जवळच गायन समाज देवल क्लब ही संगीतसंस्था. हा क्लब १८८३ सालचा. ख्यालगायक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायले ते याच गावात. नाट्यगृह १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं राहिलं आणि ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत भस्मसात झालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती.

तिथून खरी कॉर्नरचा कॅमेरा स्तंभ फार लांब नाही. सुरुवातीचे चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या या गावातच १९२९ मध्ये प्रभात ही सिनेमा कंपनी निघाली आणि पुण्याला जाण्याआधी १९३२ साली तिने ‘अयोध्येचा राजा’ इथेच केला. संगीत गोविंदराव टेंब्यांचं, हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. पार्श्वगायन अजून रुळलेलं नव्हतं, नट कॅमेऱ्यासमोर गात. पुढे भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओलाही १९४८ मध्ये आग लावली गेली. या गावाच्या गाण्यांचा इतिहास एकाच इमारतीत ठेवणं किती धोक्याचं, हे या दोन आगींनी दाखवलं आहे.

जुन्या तबकड्यांचा खरा साठा मात्र पेठांमधल्या घरांत आहे: माळ्यावर, पलंगाखालच्या ट्रंकेत. नाट्यपदं, लावण्या, पोवाडे, सिनेमाची गाणी. पाहुणे आले की घरातले आजोबा हौसेनं चावीचा ग्रामोफोन काढतात, “थांबा, वाजवून दाखवतो की!” म्हणतात. तेव्हा आदरानं, पण ठामपणे “आजोबा, आत्ता नको” म्हणावं लागतं. ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी तबकडी लाखेची असते आणि तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. ती पूड पोलादी सुईला पहिल्या काही फेऱ्यांतच घासून खाचेच्या आकाराची करते. म्हणून प्रत्येक बाजूला नवी सुई हा नियम होता. एकच सुई महिनोन्महिने वापरली की तिची कड छिन्नीसारखी चालते आणि आवाज कायमचा खरवडला जातो. त्यावर साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई धरणाऱ्या डबीचा भार १०० ग्रॅमच्या वर.

गाणं संगणकावर उतरवून घ्यायचं तर विजेचा टर्नटेबल, ३ ते ५ ग्रॅम भार आणि सुमारे ०.०७६ मिलिमीटरची, म्हणजे ७८ साठीचीच सुई हवी. एलपीची बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरत राहते आणि खरखरच जास्त उचलते. मुद्रण ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइलमध्ये. ही मूळ प्रत कधीही ‘साफ’ करू नये. खरखर काढायची ती दुसऱ्या प्रतीवर. शेवटची काही सेकंदंही कापू नयेत. फार जुन्या तबकड्यांत गायक गाणं संपल्यावर स्वतःचं नाव सांगतो, आणि लेबल फाटलं असेल तर ओळख पटवायला तेवढंच उरतं.

वेगही तपासावा. १९२५ च्या आधीच्या तबकड्या नेमक्या ७८ वर चालतातच असं नाही. वेग सुमारे ६ टक्के वाढला की गाणं अर्ध्या सुरानं चढतं, पेटीवर काळी चारचं पांढरी सहात जातं. साथीची पेटी ऐकू येत असेल तर शेजारी पेटी घेऊन बसावं. सूर दोन पट्ट्यांच्या मधे लोंबकळत असेल तर आधी वेगावर संशय घ्यावा.

धुताना स्पिरिट किंवा कोलन वॉटर अजिबात नको, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेनं. लेबलला पाणी लागू द्यायचं नाही.

आणि पूर. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरानं कोल्हापूरकरांना काय भिजू शकतं ते शिकवलं. भिजलेली तबकडी पाकिटातून ओढू नये. पाकीट ओलं असतानाच अलगद सोडवावं. आधी लेबलचा फोटो, मग गार स्वच्छ पाण्यानं गाळ काढून सावलीत उभी वाळवायची. उन्हात ती वाकते. गाण्यांच्या पुस्तिका ४८ तासांत वाळणार नसतील तर पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, नाहीतर बुरशी धरते. सेलोटेप तर कधीच लावू नये. काही वर्षांत डिंक पिवळा पडून कागदात मुरतो.

ठेवायच्या त्या उभ्या, पोलादी कपाटात, तळमजल्यावर नाही. १० इंची तबकडी अंदाजे २०० ग्रॅमची, म्हणजे शंभरांचं वजन २० किलो. पातळ फळी वाकतेच. बघायला येणार असाल तर पावसाळा टाळा. दमट हवेत जुन्या ट्रंका उघडायला घरमालकही राजी नसतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

उतरवलेलं इंटरनेटवर टाकण्याआधी हक्क बघा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो, पण कवी आणि संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. मुद्रण मोकळं झालं तरी शब्द आणि चाल बांधलेली असू शकते. घरच्यांना मात्र त्यांच्या गाण्याची प्रत त्याच आठवड्यात पोचवा, आणि एक प्रत कोल्हापूरबाहेर ठेवा.